स्पॅनिश वेशकार आणि अमेरिकन बाजारपेठ : नावांचा इतिहास

व्यापाराच्या इतिहासात माल कोठून निघाला व कोठे पोचला याची नोंद होते. तो कोणाच्या नावाने गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. उंची वस्त्रांच्या व्यापारात मात्र तो टाळता येत नाही. कारण अशा वस्त्राच्या किमतीत कापड व शिलाई यांच्याबरोबरच ते बेतणाऱ्याच्या नावाचाही मोठा वाटा असतो. विसाव्या शतकात स्पॅनिश वेशकारांनी अमेरिकेच्या बाजारपेठेत कसा प्रवेश केला, हे या दृष्टीने पाहिले असता त्यांचे तीन मार्ग स्पष्टपणे वेगळे दिसतात.

पहिला मार्ग पॅरिसमधून जाणारा होता. क्रिस्तोबाल बालेन्सियागा याचा जन्म १८९५ मध्ये गेतारिया या बास्क किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या गावी झाला. त्याची आई शिवणकाम करून संसार चालवीत असे. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तो देशाबाहेर पडला आणि १९३७ मध्ये त्याने पॅरिसला पेढी उघडली. अमेरिकेतील मोठी दुकाने त्याचे नमुने नकलेच्या हक्कासह विकत घेत. साहजिकच, अमेरिकन गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो माल पॅरिसचा ठरे. स्पेनमधील त्याच्या पेढ्या ‘एइसा’ या नावाने चालत. हे नाव आईच्या एइसागिर्रे या आडनावावरून घेतलेले होते. म्हणजे त्याचे स्वतःचे नाव परदेशी झळकत होते, तर मायदेशी काम चालत होते ते आईच्या नावाच्या एका तुकड्यावर.

दुसरा मार्ग नोकरीचा. आन्तोनिओ कानोवास देल कास्तियो हा माद्रिदचा वेशकार १९४५ मध्ये न्यूयॉर्कला एलिझाबेथ आर्डन हिच्या पेढीत रुजू झाला. तेथे कपडे त्याने बेतले, परंतु पेढीचे नाव आर्डनचेच राहिले. १९५० मध्ये तो पॅरिसच्या लांव्हँ या पेढीत गेला, तेव्हा पेढीच्या नावाला ‘कास्तियो’ हे पद जोडले गेले. अमेरिकेने त्याला वेतन दिले. नाव मिळाले ते पॅरिसमध्ये, आणि तेही जोडनावाच्या उत्तरार्धात.

स्वतःच्या नावाने व स्पेनमधूनच बाहेर पडणे, हा तिसरा मार्ग सर्वांत कठीण होता. फ्रँकोच्या राजवटीत देश आर्थिक स्वावलंबनाच्या धोरणाने कोंडला गेला होता. १९४० मध्ये बार्सेलोना येथे पेद्रो रोद्रीगेस, मानुएल पेर्तेगास, आसुन्सिओन बास्तीदा इत्यादींच्या पेढ्यांनी एकत्र येऊन उंची शिवणकामाची सहकारी संस्था स्थापन केली. १९५३ च्या माद्रिद करारानंतर स्पेन व अमेरिका यांचे संबंध सुधारले आणि १९५४ मध्ये पेर्तेगासने न्यूयॉर्क आदी शहरांत आपले कपडे मांडले. येथे प्रथमच वेशकार, पेढी आणि देश ही तिन्ही नावे एकत्र समुद्रापार गेली.

तथापि या व्यापाराचा पाया हातशिलाईचा होता. एकेक पोशाख गिऱ्हाइकाच्या अंगावर पुनःपुन्हा बसवून पाहावा लागे. पुढे मजुरी वाढली व तयार कपड्यांची चलती झाली, तेव्हा तो पाया खचला. बालेन्सियागाने १९६८ मध्ये पेढी बंद केली. पेर्तेगासला पुढे दीर्घायुष्य व मान दोन्ही लाभले. २००४ मध्ये स्पेनच्या युवराजाच्या विवाहातील वधूवेश त्यानेच केला. परंतु स्पॅनिश कपड्याला जगभर बाजारपेठ मिळाली ती त्याच्या मार्गाने नव्हे.

ती मिळवली आमान्सिओ ओर्तेगा याने १९७५ मध्ये आ कोरुन्या येथे काढलेल्या दुकानाने. दुकानाला ‘झोर्बा’ हे नाव द्यावयाचे होते, परंतु जवळच त्या नावाचे मद्यगृह असल्याने अक्षरे फिरवून ‘झारा’ हे नाव जुळवले, असे सांगितले जाते. हे नाव कोणा वेशकाराचे नाही. पेढीत कपडे बेतणारे पुष्कळ आहेत, पण विकल्या जाणाऱ्या कपड्यावर त्यांपैकी कोणाचेही नाव नसते. १९८८ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो व १९८९ मध्ये न्यूयॉर्क येथे तिची दुकाने उघडली. २०१० मध्ये टाटांच्या ट्रेन्ट कंपनीबरोबर भागीदारी करून ती दिल्ली व मुंबईत आली. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी या नावाचा आरंभीचा वर्ण ‘थ’सारखा उच्चारला जातो, मुंबईच्या मराठी कानाला मात्र ते तळणीतल्या झाऱ्याचे नाव वाटते. नावाला मूळचा अर्थच नसल्यामुळे कोणत्याही भाषेत त्याला अडचण पडली नाही.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येईल. ज्यांच्या नावामागे माणूस उभा होता, त्या पेढ्यांचा विस्तार त्या माणसाच्या हाताच्या आवाक्याने मर्यादित झाला. ज्या नावामागे कोणीच नव्हते, ते सर्वत्र पोचले. बाजारपेठ जिंकली गेली खरी, परंतु ‘हे कोणी बेतले?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कपड्यावरून पुसले गेले. सुई चालवणाऱ्या स्त्रियांची नावे तर पहिल्या तीन मार्गांवरही कपड्यावर आली नव्हती. बालेन्सियागाच्या आईच्या आडनावाचा तुकडा हा त्याला एक दुर्मिळ अपवाद होय.