निळ्या फवाऱ्याची कुळकथा

शिरूर-दौंडच्या डाळिंबबागांत छाटणी झाली की बोर्डो मिश्रणाची फवारणी ठरलेली. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. खोडाला लावायची पेस्ट याच्या दहापट घट्ट. तेल्या रोगाच्या धास्तीने हे प्रमाण बागायतदारांना तोंडपाठ झालं आहे.

मिश्रणाचं माहेर फ्रान्समधलं बोर्डो. तिथल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. निळी पानं पाहून वाटसरूंनी द्राक्षांना हात लावू नये, एवढाच हेतू. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने त्या काळी फ्रान्समधले मळे ओस पाडले होते. 1882च्या शरदात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना दिसलं की बाकी मळा निष्पर्ण झाला आहे, रस्त्याकडेच्या वेली मात्र पानांनी भरलेल्या आहेत. रसायनतज्ज्ञ गेयाँ यांच्यासोबत प्रयोग करून 1885मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. चोरांसाठी केलेल्या शिंपणीत औषध पाहणारी ती नजर मला फार मोलाची वाटते.

पण हे मिश्रण काम कसं करतं? मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यातला सल्फेट हा पाच अणूंचा गट, एक गंधक आणि चार ऑक्सिजन. हे पाचजण इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून बांधलेले असतात. हा सहसंयुज बंध. गटाकडे दोन इलेक्ट्रॉन जास्तीचे, म्हणून अख्ख्या गटावर ऋणभार. तांब्यावर धनभार. त्या दोघांमधली ओढ आयनिक. म्हणजे एकाच खड्यात दोन्ही जातींचे बंध नांदतात. पाण्यात टाकल्यावर आयनिक ओढ सुटते, तांबं आणि सल्फेट वेगळे होतात. सल्फेट मात्र फुटत नाही, पाचही अणू एकत्रच फिरतात.

दुसऱ्या टिपाडात कळीचा चुना उकळ्या फोडत विरतो. तिथला हायड्रॉक्साइडही असाच, ऑक्सिजन-हायड्रोजनची सहसंयुज जोडी. दोन्ही द्रावणं एकत्र आली की अदलाबदल होते. बराचसा सल्फेट चुन्यातल्या कॅल्शियमकडे जाऊन जिप्सम बनतो, तांब्याला हायड्रॉक्साइड मिळतो. उरलेला थोडा सल्फेट तांब्याजवळ राहतो. तांब्याच्या या नव्या संयुगाचे निळे कण पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून पानाला चिकटून राहतात आणि तांबं थोडं थोडं सोडतात. त्यानेच बुरशीचे बीजाणू आणि तेल्याचे जिवाणू मरतात.

मिलार्देंना यातलं बंधांचं गणित ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ‘आयन’ हे नाव फॅरडेंनी 1834मध्येच दिलं होतं, पण इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीची कल्पना लुईस यांनी 1916मध्ये मांडली. त्याच वर्षी कोसेल यांनी आयनिक बंध उलगडला. आज शाळेतली मुलं सल्फेट, नायट्रेट, अमोनियम ही ‘संयुक्त मूलकं’ म्हणून पाठ करतात. त्यांना एकदा बांधावर नेऊन हे मिश्रण कालवताना दाखवायला हवं.

मिश्रण नीट जमलं का, याची चाचणीही तिथेच दाखवता येते. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सळई बुडवायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं उरलं आहे. लोखंडाने त्याला इलेक्ट्रॉन दिले, ते धातू होऊन सळईवर बसलं आणि सल्फेट, तसाच अखंड, लोखंडाच्या जोडीला गेला. असं मिश्रण पानं जाळतं. चुन्याची निवळी वाढवून पुन्हा सळई बुडवायची. म्हणूनच कालवायला लोखंडी भांडं चालत नाही, प्लास्टिकचं टिपाड लागतं. आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. शिळं झालं की कण मोठे होतात, पानाला नीट धरत नाहीत.