पाण्याच्या वाटेने वाळवंटात : जैसलमेरची तीन दिवसांची सहल

जैसलमेरला जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या मनात दोनच चित्रे असतात : पिवळ्या दगडाचा सोनेरी किल्ला आणि मावळत्या सूर्यासमोरून जाणारी उंटांची रांग. ही दोन्ही चित्रे खरी आहेत, पण अपुरी आहेत. सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, संध्याकाळी सम येथील वाळूच्या टेकड्या आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी अशा घाईत वाळवंट पाहून होते, समजत मात्र नाही. थरचे वाळवंट हा ओसाड मुलूख नव्हे. थेंब थेंब पाणी राखून शेकडो वर्षे नांदलेली ही वस्ती आहे. सहलीची आखणी त्या पाण्याच्या वाटेने केली तर तीन दिवसांतही पुष्कळ काही पदरात पडते.

जैसलमेर भागात वर्षाला सरासरी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. तेवढा पाऊस जैसलमेरला मिळण्यास चार ते पाच वर्षे लागतात. हा एक हिशेब मनाशी ठेवला, की इथल्या प्रत्येक तलावाकडे, बांधाकडे आणि ओसाड गावाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पहिला दिवस : शहर

भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हे नगर वसवले, असे परंपरा सांगते. मध्य आशियाकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांची वाट येथून जात असे आणि त्या व्यापारावर शहर श्रीमंत झाले. पटव्यांच्या हवेलीची दगडी जाळी पाहताना ती श्रीमंती कळते. पुढे मुंबईसारखी बंदरे भरभराटीला आली, व्यापार सागरी मार्गाने होऊ लागला आणि जैसलमेरचे वैभव ओसरले. फाळणीनंतर पश्चिमेकडची वाटही बंद झाली.

दिवसाची सुरुवात किल्ल्याऐवजी गडीसर तलावापासून करावी. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी या तलावाची उभारणी केली. कित्येक शतके साऱ्या शहराची तहान याच पाण्यावर भागत असे. सकाळच्या कोवळ्या उन्हात काठावरील घाट आणि छत्र्या न्याहाळून मग किल्ल्याकडे वळावे.

सुमारे ७६ मीटर उंचीच्या टेकडीवरचा ९९ बुरुजांचा हा किल्ला आजही नांदता आहे. आत घरे आहेत, जैन मंदिरे आहेत, दुकाने आहेत. सत्यजित राय यांच्या १९७४ मधील ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाने त्याला बंगाली पर्यटकांच्या मनात कायमचे स्थान मिळवून दिले. २०१३ मध्ये राजस्थानातील इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला.

मात्र या किल्ल्याला आज धोका आहे तो पाण्याचाच. घागरी वाहून पाणी आणण्याच्या काळात बांधलेल्या या वास्तूत नळ आले, न्हाणीघरे आली, पाहुण्यांसाठी खोल्या आल्या. सांडपाणी गळून पायाखालच्या मातीत मुरू लागले आणि टेकडी ठिसूळ होत गेली. २०२४ च्या पावसाळ्यात तटबंदीचा एक भाग ढासळला. म्हणूनच किल्ला मनसोक्त पाहावा, तेथील दुकानांत खरेदी करावी, पण मुक्काम मात्र पायथ्याच्या शहरात करावा. किल्ल्यावरचा भार हलका करण्याचा हा पर्यटकाच्या हातातील सर्वांत सोपा मार्ग आहे.

दुसरा दिवस : ओसाड गाव आणि वाळू

सकाळी लवकर निघून प्रथम लोदुर्वा गाठावे. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेली ही भाटींची जुनी राजधानी. आता तेथील जैन मंदिर आणि त्याचे कोरीव तोरण तेवढे पाहण्यासारखे उरले आहे. तेथून कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचे हे समृद्ध गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून सारे गाव एका रात्रीत निघून गेले, अशी कथा मार्गदर्शक रंगवून सांगतात. संशोधकांनी मात्र आटत गेलेले पाणी आणि भूकंप यांसारखी कारणे सुचवली आहेत.

भुताखेतांच्या गोष्टींपेक्षा पालीवालांनी मागे ठेवलेली ‘खडीन’ ही पद्धत अधिक विस्मयकारक आहे. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी सखल जमिनीच्या टोकाला मातीचा लांब बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि हिवाळ्यात त्या ओलीवरच गहू-हरभरा पिकवायचा. वेगळ्या सिंचनाची गरज नाही. या भागात आजही खडिनीत शेती होते. आपल्या चालकाला किंवा मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवले तर वाटेतली एखादी खडीन पाहता येते. या विषयाची गोडी लागली तर अनुपम मिश्र यांचे ‘राजस्थान की रजत बूंदें’ हे हिंदी पुस्तक अवश्य वाचावे.

दुपारनंतर वाळूकडे निघावे. येथे निवड करावी लागते. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरील सम येथे वाळूच्या टेकड्या प्रशस्त आहेत, तंबूंची सोय मुबलक आहे आणि गर्दी व ध्वनिक्षेपकांचा गोंगाटही तितकाच. नैऋत्येकडील खुडी गाव तुलनेने शांत. रात्रीचे आकाश पाहायचे असेल तर खुडी निवडावे आणि शक्यतो अमावास्येच्या आसपासची तिथी साधावी. डिसेंबरात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी किमान तासभर मुक्कामी पोहोचावे.

उंटावरून फेरी जरूर घ्यावी. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील उंटांची संख्या अडीच लाखांवर आली आणि आधीच्या सात वर्षांत ती ३७ टक्क्यांनी घटली होती. जीपगाडीच्या धुरळ्यापेक्षा उंटवाल्याच्या हाती गेलेले पैसे अधिक सत्कारणी लागतात. रात्रीच्या कार्यक्रमात चित्रपटगीतांऐवजी मांगणियार कलावंतांच्या पारंपरिक गाण्यांची फर्माईश करावी. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी गाणारा हा मुस्लिम समाज आहे. त्यांचे ‘कमायचा’ हे वाद्य ज्यांनी जगाला ऐकवले, ते साकर खान याच जिल्ह्यातील हमीरा गावचे. २०१२ मध्ये ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

तिसरा दिवस : माळढोकाचा मुलूख

वाळूच्या टेकड्या थरचा एक लहानसा भाग आहेत. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेल्या ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात खडकाळ माळ, गवताळ राने आणि खेजडीची झाडे अधिक आहेत. हाच गोडावणचा, म्हणजे आपल्या माळढोकाचा, शेवटचा मोठा आसरा. सोलापूरजवळील नान्नज अभयारण्याने ज्या पक्ष्याची ओळख महाराष्ट्राला करून दिली, तो आता तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. देशभरात उरलेल्या साधारण दीडशे माळढोकांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. उंचावरील वीजवाहिन्यांना धडकून ते मरतात. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये सौर व पवन ऊर्जेची निकड लक्षात घेऊन तो आदेश शिथिल करण्यात आला. सम येथे २०१९ पासून संवर्धन केंद्रही चालवले जाते.

उद्यानात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी आदल्या दिवशीच काढावी आणि पहाटेची वेळ गाठावी. माळढोक दिसेलच याची हमी कोणी देणार नाही. परंतु चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि हिवाळ्यात गिधाडे दिसण्याचा संभव असतो. परतल्यावर वेळ उरल्यास शहरापासून १७ किलोमीटरवर, बाडमेर रस्त्यावर असलेले आकल जीवाश्म उद्यान पाहावे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे तेथे आहेत. आजच्या वाळवंटात कधी काळी घनदाट अरण्य होते, याचा तो पुरावा.

एखादा दिवस अधिक असेल तर शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवरील तनोट माता मंदिर आणि १९७१ च्या युद्धात गाजलेले लोंगेवाला पाहता येईल. हा सीमाभाग आहे. नियम परिस्थितीनुसार बदलतात, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे आणि निघण्यापूर्वी स्थानिक चौकशी करावी.

जाण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणारा मरु महोत्सव रंगतदार असतो, परंतु तेव्हा राहण्याची व्यवस्था फार आधी करावी लागते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा लहान मुले आणि वृद्धांसह जाणे टाळावे. जोधपूरहून जैसलमेर सुमारे २८५ किलोमीटर, मोटारीने पाच तास. मुंबईहून थेट रेल्वेगाडी व हंगामी विमानसेवा यांची वेळापत्रके तपासूनच बेत पक्का करावा.

दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, म्हणून लोकरीचे कपडे, कानटोपी, बंद बूट आणि विजेरी हवीच. तंबूचे पैसे भरण्यापूर्वी जेवण, उंटाची फेरी आणि गाडीभाडे त्यात धरले आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. जेवणात केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी मागावी. गोडात जैसलमेरचे घोटुवा लाडू चुकवू नयेत. प्लास्टिकच्या बाटल्या वाळूत टाकू नयेत. आंघोळीला एक बादली पाणी पुरते, हे मुक्कामात विसरू नये. ज्या मुलखाने पाण्याचा हिशेब शतकानुशतके सांभाळला, तेथे दोन दिवसांच्या पाहुण्यानेही तो सांभाळणे एवढेच शहाणपणाचे आहे.