दोन मंडया आणि एक हिशेब

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्याचे रे मार्केट ह्या एकोणिसाव्या शतकातील दोन वास्तूंना पुढे एकाच पुरुषाचे नाव मिळाले. दोन्हींचे आजचे अधिकृत नाव महात्मा फुले यांचे आहे. पुण्यातील नामांतरात आचार्य अत्रे यांचा पुढाकार होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु पुण्याच्या मंडईवर होणाऱ्या खर्चाला स्वतः जोतीरावांनी नगरपालिकेत विरोध केला होता, ह्याचे स्मरण मंडईत जाणाऱ्या फार थोड्यांना असते. नगराचा पैसा कशावर खर्चावा, तो कोणाच्या संमतीने खर्चावा आणि त्याचा हिशेब कोणाला पाहता यावा, हे तीन प्रश्न ह्या दोन्ही मंडयांच्या इतिहासाशी जोडलेले आहेत. नगरकारभारातील पारदर्शकतेची आपल्याकडील कथा ह्याच प्रश्नांपासून सुरू होते.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या मंडळाकडे आला. प्रत्यक्ष अंमलबजावणीचे सर्व अधिकार मात्र एका आयुक्ताच्या हाती एकवटले. पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हा कर्तबगार आणि धडाडीचा अधिकारी होता. रस्ते, गटारे, सफाई आणि बाजार ह्यांची कामे त्याने झपाट्याने हाती घेतली. १८६९ मध्ये पूर्ण झालेली मंडई हे त्यांतील सर्वांत ठळक काम होय. त्याच्या कारकिर्दीत शहराचे आरोग्य सुधारले, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आले नाही.

परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला होता, शेअरबाजाराची सूज उतरली होती आणि शहराचे उत्पन्न पूर्वीचे राहिले नव्हते. खर्चाचा वेग मात्र कमी झाला नाही. नगरपालिका कर्जात बुडाली, करांचा बोजा वाढला आणि १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. नवरोजी फर्दुनजी ह्यांच्यासारखे जुने सार्वजनिक कार्यकर्ते ह्या चळवळीत अग्रभागी होते. जे मंडळ आयुक्तावर देखरेख ठेवण्यासाठी होते, ते करदात्यांनी निवडलेले नव्हते आणि त्यांना उत्तर देण्यासही बांधलेले नव्हते. त्यामुळे तिजोरी रिकामी होईपर्यंत तिची खरी स्थिती सामान्य करदात्याला कळण्याची सोयच नव्हती.

ह्या वादात अवघ्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहता ह्यांनी लोकमताच्या विरुद्ध भूमिका घेतली. २९ नोव्हेंबर १८७१ रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी क्रॉफर्डच्या कामाची बाजू मांडली. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कार्यकारी अधिकार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावेत; पण त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. मात्र पुढील काळात मुंबईची घटना बऱ्याच अंशी ह्याच दिशेने घडत गेली.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. हिशेबतपासणीचे नियमही अधिक कडक झाले. मताधिकार अर्थातच ठरावीक कर भरणाऱ्या मूठभर लोकांपुरता मर्यादित होता. तरीही ‘आमचा पैसा, म्हणून आम्हांस हिशेब’ हे तत्त्व कायद्यात आले. १८८८ च्या कायद्याने ते अधिक पक्के केले आणि त्याच्या घडणीत फिरोजशहांसमवेत न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग ह्यांचाही मोलाचा वाटा होता.

पुण्यातील स्थिती निराळी होती. १८७६ ते १८८२ ह्या काळात जोतीराव फुले तेथील नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनियुक्त. ह्या काळात व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे जोतीरावांनी सुचविले. बत्तीस नियुक्त सभासदांपैकी प्रस्तावाच्या बाजूने मत न देणारे ते एकटेच होते. मंडईच्या प्रश्नावरही त्यांची भूमिका ह्याच सूत्राला धरून होती. त्यांच्या विरोधाने खर्च थांबला नाही. मंडई उभी राहिली आणि १८८६ मध्ये खुली झाली. मुंबईच्या करदात्यांनी किती खर्च झाला असे विचारले. जोतीरावांनी कोणासाठी झाला, असे विचारले. हिशेबाचे हे दोन्ही अर्थ सारखेच महत्त्वाचे आहेत.

क्रॉफर्डच्या कथेचा उत्तरार्ध पुण्यात घडला. मध्य विभागाचा आयुक्त असताना, १८८८ मध्ये, त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही. अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल तो नोकरीतून गेला. परंतु अभय मिळाल्यावर ज्यांनी आपण पैसे दिल्याचे कबूल केले, त्या मामलेदारांवरच पुढे गंडांतर आले. टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने घेतली. सत्य सांगणाऱ्याला संरक्षण नसेल, तर कारभारातील सत्य बाहेर येणार नाही, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

पुढे मताधिकार वाढत गेला, सभा निवडून आलेल्यांच्या झाल्या. दप्तर मात्र बंदच राहिले. १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याने ह्या गुप्ततेला बळ दिले आणि स्वातंत्र्यानंतरही तो टिकला. १९८६ मध्ये पुणे छावणी मंडळाच्या बांधकाम-परवानग्यांसंबंधी मुंबईतील एका पर्यावरणवादी संस्थेने न्यायालयात दाद मागितली. मंजूर झालेले नकाशे आणि संबंधित कागद पाहण्याचा तेथील रहिवाशांना व अशा संस्थांना हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयापर्यंत मिळाला. १९९७ मध्ये गोव्याने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. महाराष्ट्राचा पहिला कायदा २००० चा. अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनानंतर त्याची जागा अधिक परिणामकारक कायद्याने घेतली. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशव्यापी कायदा पूर्णपणे अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने, कोणी मागण्यापूर्वीच माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य कार्यालयांवर टाकले.

ह्याच कलमाच्या आधारे पुणे महानगरपालिकेने एक साधा प्रयोग केला. आठवड्यातून एक दिवस, सोमवारी दुपारी तीन ते पाच ह्या वेळात, नागरिकांनी अर्ज न करता कचेरीत यावे आणि हवी ती फाईल पाहावी. ह्या दिवसाला नाव पडले ‘लायब्ररी डे’. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था ह्यांच्यासाठी असाच आदेश काढला.

कचेरीला ग्रंथालयाचे नाव मिळावे, ह्यात औचित्य आहे. ग्रंथालयात कपाट उघडे असते, नोंदवही असते आणि वार्षिक सभेपुढे जमाखर्च ठेवावा लागतो. त्या सभेत एखादा सभासद उठून एखाद्या रकमेविषयी विचारतो, तेव्हा तो वैर करीत नाही. तो आपले सभासदत्व पार पाडीत असतो. नगराच्या बाबतीतही हेच खरे आहे. फाईल उघडी ठेवणे हे कायद्याचे काम. ती वाचावयास जाणे हे नागरिकाचे. १८७१ च्या करदात्यांना जी संधी नव्हती, ती आज आहे, आणि तिचा उपयोग किती होतो ह्यावरच तिचे आयुष्य अवलंबून राहील.