दर्शन, स्पर्शन, प्रश्न : जुन्नर-आंबेगाव परिसरातील रोगनिदानाचा एक धागा

इ. स. १६७५ मध्ये मुंबईच्या इंग्रज वखारीतील शल्यवैद्य जॉन फ्रायर हा कल्याण-मुरबाडच्या वाटेने सह्याद्री चढून जुन्नरास आला. जुन्नर व शिवनेरी त्या वेळी मोगलांच्या ताब्यात होती. तेथील मोगल अधिकारी मुखलिसखान ह्याने मुंबईकर इंग्रजांकडे वैद्याची मागणी केली होती. ह्या भेटीचा वृत्तान्त फ्रायरच्या १६९८ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात आला आहे. ह्या परिसरातील एका रुग्णतपासणीची तपशीलवार हकीकत म्हणून तो विशेष मोलाचा आहे.

रुग्ण स्त्री जनानखान्यातील असल्यामुळे तिचे दर्शन निषिद्ध होते. रेशमी पडद्याआडून एक हात फ्रायरच्या हाती देण्यात आला. नाडी पाहून त्याने सांगितले, की हे शरीर पूर्ण निरोगी आहे. तेव्हा उघड झाले, की वैद्याची परीक्षा पाहण्यासाठी एका धडधाकट गुलामाचा हात पुढे करण्यात आला होता! त्यानंतर दुसरा हात आला. त्याची नाडी क्षीण होती. मात्र फ्रायर केवळ नाडीवर विसंबून राहिला नाही. इतर लक्षणे जुळवून मगच त्याने आपला निर्णय दिला, आणि तो घरच्यांस पटला. पुढे रक्त काढण्याचा प्रसंग आला तेव्हा पडदा कोसळला नि आतील स्त्रिया त्याच्या दृष्टीस पडल्या, असेही तो नमूद करतो.

ही हकीकत मनोरंजक खरी. परंतु तिच्यात निदानाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रुग्णपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन व प्रश्न. नाडीपरीक्षेचे पद्धतशीर विवेचन त्यानंतर बऱ्याच काळाने शार्ङ्गधरसंहितेत आढळते. जुन्नरच्या त्या महालात दर्शन बंद होते, स्पर्शनात कपट होते आणि प्रश्न मध्यस्थांच्या तोंडून विचारावा लागत होता. वैद्य रुग्णाची परीक्षा करतो त्याच वेळी रुग्णही वैद्याची परीक्षा करीत असतो, हे सत्य त्या पडद्याने उघडे केले.

ह्या तिहींपैकी प्रश्नाचे महत्त्व भाषेच्या अंगाने पाहता अधिक स्पष्ट होते. प्रौढ रुग्णांची एक नित्याची तक्रार घ्यावी : 'चक्कर येते.' ह्या एका शब्दात निरनिराळ्या व्याधी सामावतात. कूस बदलताच घर गरगरते, असे कोणी सांगितले तर दोष बहुधा अंतःकर्णात असतो. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, असे म्हटले तर रक्तदाब उतरणे किंवा पंडुरोग ह्यांचा विचार करावा लागतो. 'गरगरणे' आणि 'अंधारी येणे' हा भेद मराठी बोलीत पूर्वापार आहे. तो ऐकणाऱ्या डॉक्टरास निम्मे निदान हाती लागते. 'चक्कर' एवढेच टिपून घेणाऱ्यास ते लागत नाही.

प्रश्नावर प्राण अवलंबून असतो असेही प्रसंग ह्या भागात येतात. जमिनीवर झोपलेल्या माणसास रात्री मण्यार चावते. दंशाची वेदना अत्यल्प असते, सूज नसते, खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे तो पोटात दुखते म्हणून येतो. काही वेळाने पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वास मंदावतो. येथे आरंभी दर्शन व स्पर्शन जवळजवळ मुके असतात. 'रात्री कोठे निजला होता?' हा साधा प्रश्नच मार्ग दाखवितो. घोणस किंवा फुरसे ह्यांच्या दंशात मात्र एक सोपी परीक्षा उपयोगी पडते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलविता ठेवावे. त्यानंतरही ते गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे असे समजावे. प्रतिविष लवकर देणे आणि मण्यारीच्या दंशात श्वासास कृत्रिम आधार देणे, ह्यांवर पुढचे सारे अवलंबून असते. नारायणगाव येथील डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत ह्या दाम्पत्याने सर्पदंशाचे उपचार आणि लोकशिक्षण ह्या दोन्ही क्षेत्रांत केलेले कार्य ह्या संदर्भात उल्लेखनीय आहे.

तथापि प्रश्नालाही मर्यादा आहेत. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा कोणतीच तक्रार करीत नाही. मधुमेहाचा आरंभही असाच मूक असू शकतो. रिवा-रोची ह्याने १८९६ साली दाबपट्टीचे यंत्र सिद्ध केले आणि कोरोत्कोव्ह ह्याने १९०५ साली नाडीचे ध्वनी ऐकून दाब मोजण्याची रीत सांगितली. स्पर्शनाचेच हे नवे रूप होय. डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासकीय दंडक आहे. पश्चिमेकडील वाडीवरून गुडघेदुखीसाठी अशा केंद्रात आलेल्या माणसाचा दाब त्याच भेटीत मोजला गेला नाही, तर पुढची भेट अर्धांगवायूनंतर होण्याचा संभव असतो.

निदानानंतरची अडचण आणखी वेगळी. काहीच दुखत नसता रोज गोळी घ्यावी, हे रुग्णास पटावे कसे? यंत्राचा आकडा त्याच्या अनुभवास येत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास बसला तरच तो औषध घेतो. मुखलिसखानाच्या महालात तो विश्वास एका नाडीच्या अचूक परीक्षेने मिळाला. आज तो रुग्णाचा शब्द नीट ऐकून आणि त्याच्याच शब्दांत त्यास उत्तर देऊन मिळवावा लागतो. साधने पालटली, पण पडद्यापलीकडच्या माणसापर्यंत पोहोचण्याचे काम तेच राहिले आहे.