मानसोल्लासांतील मत्स्यविनोद आणि काटेरी केंड

गंगाखेडास गोदावरी आहे, समुद्र मात्र तेथून सुमारें ४०० किलोमीटर दूर. मग परभणीच्या पोथीसंग्राहकांनीं समुद्रांतील माशाचा विचार कां करावा, असें कोणी विचारील. बाराव्या शतकांत हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होता, व त्याच घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें शके १०५१ च्या (इ. स. ११२९) सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे, हें त्याचें उत्तर होय. गळानें मासे धरण्याचा राजविलास सांगतांना ग्रंथकारानें माशांचे समुद्रांतील व नदींतील, तसेच खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद केले आहेत.

यांतील 'रोहित' म्हणजे रोहू, हें सहज पटतें. समुद्रांतील नांवांची गोष्ट निराळी. तेथें नुसत्या व्युत्पत्तीवर विसंबणें धोक्याचें आहे. 'कंटक' शब्द दिसला कीं लगेच काटेरी केंड ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. कांटे कोणत्या माशास नाहींत?

फुगणाऱ्या माशास सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर केंड म्हणतात. तो जाळीं कुरतडतो म्हणून कोळी त्याच्यावर रुष्ट असतात. त्याचाच काटेरी भाऊबंद तो डायोडॉन. लिनियसनें १७५८ सालीं त्याच्या एका जातीस हिस्ट्रिक्स, म्हणजे साळिंदर, हें नांव दिलें. उथळ पाण्यांत संकट दिसतांच हा भराभर पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो, आणि एरवीं अंगास चिकटून असलेले कांटे ताठ उभे राहतात. वरच्या व खालच्या जबड्यांतील दांत जुळून एकेक पट्टीच झालेली असते.

आमच्या मतें खरी अडचण पुढेंच आहे. हे कांटे म्हणजे रूपांतर पावलेले खवलेच होत. शरीरशास्त्रज्ञ या माशास खवल्यांचा म्हणेल. हातांत धरणारा कोळी मात्र बिनखवल्यांचा म्हणेल, आणि राजाचा माहितगार कोळीच असणार. म्हणून आजच्या शास्त्राच्या वर्गावरून ग्रंथांतील नांव ओळखूं गेल्यास चूक संभवते. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं या प्रकरणावर लिहिलें, तें संशोधकांनीं अवश्य पाहावें. पण त्यासोबत मालवणच्या कोळ्यांस व गंगाखेडच्या भोयांस माशांचीं नांवें विचारून तीं टिपून घ्यावींत. ओळख न पटलेलें नांव पोथींत आहे तसेंच ठेवावें, सुधारूं नये.