टी-पेशीचा इशारा

गेल्या महिन्यात दहिवडीला घरी गेलो, तर चुलतभाऊ फाईल घेऊनच बसलेला. पोरगं तीन वर्षांचं, दोनदा न्यूमोनिया झालेला. रिपोर्टात आयजीएम भरपूर, आयजीजी जवळजवळ नाहीच, आणि खाली एक ओळ : सीडी४० लिगँड आढळले नाही. "तू इंजिनियर ना, सांग की काय ते!" (आमच्या माणात इंजिनियरला सगळं कळतं.) तेव्हा गप्प बसलो. पुण्याला आल्यावर दोन वीकएंड वाचत होतो.

बी-पेशी आधी आयजीएम ही साधी अँटिबॉडी बनवतात. तिथून आयजीजीकडे वळायला टी-पेशीचा इशारा लागतो, तोही अंगाला अंग लावून. हा इशारा देणारं प्रथिन कोणतं? ते पकडून दिलं अँटिबॉडीनेच! कोलंबिया विद्यापीठात सेठ लेडरमन आणि मंडळींकडे जुरकॅट टी-पेशींचा एक वाण होता, बी-पेशींना चेतवणारा. या पेशी उंदरांना टोचल्या. उंदरांनी त्यांच्याविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडींपैकी एक, ५सी८, टाकली की चेतवणं बंद! आपण कोडची एकेक ओळ कॉमेंट करून बग शोधतो ना, अगदी तसंच. ती ज्याला चिकटली, तेच प्रथिन. हे १९९२ साली छापून आलं. त्याच वर्षी रँडॉल्फ नोएल यांच्या गटाने उंदरातलं प्रथिन पकडलं आणि ते बी-पेशीवरच्या सीडी४०ला चिकटतं हे दाखवलं.

१९९३ मध्ये उलगडा झाला, की हायपर-आयजीएम झालेल्या बऱ्याच मुलांच्या बी-पेशी ठणठणीत असतात. बिघाड टी-पेशीत, एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात. इशाराच येत नाही, तर बी-पेशी बिचारी काय करणार?

५सी८चं पुढे औषधही करून पाहिलं, पण रक्ताच्या गुठळ्या व्हायला लागल्यावर १९९९ मध्ये चाचण्या थांबल्या. हेच प्रथिन प्लेटलेट्सवरही असतं. असो.

तपासणीत मात्र ही युक्ती टिकली. टी-पेशी काही तास चेतवायच्या, चमकणारी अँटिबॉडी टाकायची आणि लेझरसमोरून एकेक पेशी मोजायची. परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजीत अशा आजारांचं निदान होतं. (मुंबईतच १९५२ साली डॉ. भेंडे यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला, तोही अँटिबॉडींच्याच जोरावर.)

हे सगळं फोनवर सांगितलं. घरात सगळ्यांनी 'आईकडून आलंय' एवढंच उचललं! कधी कधी हा बदल मुलात नव्यानेही होतो, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी वहिनीने स्वतःच तपासणीला रक्त दिलं. पोराला आता महिन्याला आयजीजी चढवतात. मज्जा प्रत्यारोपणासाठी मोठ्या बहिणीचंही रक्त गेलंय, रिपोर्ट यायचाय.