व्यक्तिछायाचित्र, धूसर पार्श्वभूमीचे

चेहरा रेखीव आणि मागचे सारे विरघळलेले, अशा प्रकारचे छायाचित्र. लग्नाआधीच्या ‘प्री-वेडिंग’ फोटोंत ही शैली सर्रास दिसते. धूसरपणा ठरतो तो भिंगाचे केंद्रांतर, अॅपर्चर (भिंगाचे छिद्र), माणूस कॅमेऱ्यापासून किती दूर आणि पार्श्वभूमी माणसापासून किती दूर, यांवर. कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत यात कुठेच येत नाही.

भिंग पारखण्याचा सोपा हिशेब असा : केंद्रांतराला एफ-अंकाने, म्हणजे अॅपर्चरच्या आकड्याने, भागावे. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८–५५ मिमी किट लेन्सला ५५ मिमी, एफ/५.६ वर जेमतेम १० मिमी येतात. ५० मिमी एफ/१.८ ला सुमारे २८, तर ८५ मिमी एफ/१.८ ला ४७. खूप दूरचा दिवा चेहऱ्याच्या मापात साधारण तेवढ्याच व्यासाची चकती होऊन दिसतो. क्रॉप (लहान) सेन्सरवर ५० मिमी भिंगाची चौकट फुल फ्रेम (मोठ्या) सेन्सरवरच्या ७५–८० मिमीइतकी असते, म्हणून व्यक्तिचित्राला ते चांगले जुळते.

दोन मीटरवरून क्रॉप सेन्सर व ५० मिमी एफ/१.८ यांनी स्पष्टतेचा पट्टा सुमारे ११ सेंमी मिळतो. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ ने अवघा ६ सेंमी. त्यामुळे फोकस जवळच्या डोळ्यावरच धरावा. जोडप्यासाठी एफ/४ बरे. मोबाइलमधला धूसरपणा बहुतांशी गणिताने रचलेला असतो. मोकळे केस, नथ, फेट्याचा तुरा यांच्या कडांशी तो हमखास चुकतो.

पार्श्वभूमीच्या अंतराचे उदाहरण घ्यायचे तर नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) हे मुंबई–आग्रा महामार्गावरचे व सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. तापीखोऱ्याच्या या उघड्या मुलखात पार्श्वभूमी हवी तितकी दूर मिळते. माणसाला कपाशीच्या बांधावर उभे करून मागे शंभर मीटर शेत सोडले, तर साधे भिंगही चांगले काम देते. घराच्या भिंतीला टेकवून उभे केले, तर महागडेही हात टेकते. इथली खरी अडचण उन्हाची. भर दुपारी आयएसओ १०० वर एफ/१.८ ला सेकंदाचा सुमारे १/८००० भाग इतका शटरवेग लागतो, आणि अनेक स्वस्त बॉडी १/४००० वरच थांबतात. मग प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा, निंबाची सावली धरावी किंवा सूर्य कलेपर्यंत थांबावे. थांबणे सर्वांत उत्तम, कारण दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली पडणारी काळी सावली कोणताही फिल्टर काढत नाही.

 

पैसा मर्यादित असेल, तर वापरलेली क्रॉप सेन्सर बॉडी आणि ५० मिमी एफ/१.८ ही जोडी घ्यावी. नवी महाग बॉडी व किट लेन्स यांपेक्षा या कामाला तीच सरस ठरते.